आईला झोप लागेल ती गाडी

७ जानेवारी, मंगळवार

व्हॅन जाणार! साहेबांनी आज चहा पिता पिता उभ्या उभ्या सांगून टाकलं — महिनाअखेर कंपनीची गाडी बंद. ज्याला फिरतीवर राहायचंय त्याने स्वतःची आणावी, तेलाचा खर्च मिळेल. ज्याला जमणार नाही त्याने काउंटरवर बसावं.

काउंटर म्हणजे दुकानदारांचे वजनकाटे तपासायला घ्यायचे, पावती फाडायची, काटे परत द्यायचे. दिवसभर ट्यूबलाइटखाली. मी आजवर गोदामांतले काटे, दूध डेअरीतले काटे, गावाबाहेरचे ट्रक तोलणारे भुईकाटे तपासत हिंडले. उन्हातान्हात, धुळीत. कुरकुर केली असेल, पण मनापासून नाही. मला त्या काउंटरमागे बसवलं तर मी महिन्याभरात गंजेन.

तेव्हा गाडी घ्यायची. जुनी, कारण नवीचा विचारही नको. छोटी, कारण बाजाराच्या गल्ल्या. आणि डिझेल, कारण डिकीत तपासणीची लोखंडी वजनं घेऊन चढ चढायचा असतो. पेट्रोलची छोटी गाडी त्या ओझ्याने रडकुंडीला येते. आणि मुख्य म्हणजे रस्त्यात दगा न देणारी. एवढंच.

एवढंच, म्हणे.

८ जानेवारी, बुधवार

दादाला फोन केला. चूक झाली.

९ जानेवारी, गुरुवार

कालचं लिहायचं राहिलं. दादा तिकडे दूर बसून उंटावरून शेळ्या हाकतो. "डिझेल कशाला? आता कोण घेतं डिझेल? अगं, बॅटरीवरची घे." मी म्हटलं, घेते, पैसे पाठव. बॅटरीचा विषय तिथेच संपला. मग म्हणाला, "आईला विचारलंस?"

मी म्हटलं, आईला गाडीतलं काय कळतं?

तो हसायला लागला. मीही. बराच वेळ दोघं फोन धरून नुसते हसत होतो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच असं झालं.

१२ जानेवारी, रविवार

आईकडे जाऊन आले. ती खिडकीपाशी बसली होती, डोळ्यांखाली काळं. "झोपलीस का?" तर म्हणे, "पडले होते." बाबा जाऊन दुसरं वर्ष लागलं, हिचं उत्तर तेच. पडले होते. डॉक्टरांच्या गोळ्या उशाखाली तशाच.

आज सगळं लिहून काढावंसं वाटतंय. आमच्या घरात गाडी घ्यायची एकच रीत होती — आईला झोप लागली पाहिजे.

बाबा शिलाई मशीनचे सुटे भाग विकत गावोगाव फिरायचे. गाडी हे त्यांचं अर्धं दुकान. ती बदलायची झाली की महिनोन् महिने घोळ. टायरला लाथा मारायच्या, बॉनेटला कान लावायचा, घरी येऊन पुन्हा तेच बोलायचं. जेवताना गाडी, दाढी करताना गाडी. ठरवणं काही व्हायचं नाही. शेवटी एके दिवशी आईला पुढे बसवायचे, आम्हा दोघांना मागे, आणि विकणाऱ्याला म्हणायचे, "चला, एक चक्कर मारू."

मोकळ्या रस्त्याला लागलं की सगळे चिडीचूप. दादा आणि मी दोन सीटांच्या फटीतून माना घालून आईच्या पापण्यांकडे बघत बसायचो. आई ताठ. मांडीवर खटक्याची काळी पर्स, तिच्यावर दोन्ही हात. मग पापण्या जड व्हायच्या. मिटायच्या. विकणारा बिचारा मागे आमच्यात कोंबलेला, त्याची बडबड चालूच. बाबा मान वळवून त्याला हलकेच म्हणायचे, "हळू बोला. झोपल्यात त्या."

झालं. सौदा पक्का.

बाबांचं शास्त्र साधं होतं. डिझेलचा ठोका एकसारखा पडत असेल तरच माणसाला झोप लागते, एखादा जरी चुकला तरी डोक्याला नाही, पण अंगाला कळतं. आणि आईसारखं अंग दुसऱ्या कुणाचं नाही. हे ते लोकांना अभिमानाने सांगायचे. पांढरी अशीच घेतली, मग बेडकी, मग म्हातारी. (बेडकी हिरवी होती म्हणून. म्हातारी आमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती.) एकही वाईट निघाली नाही. एकही! म्हातारी तर बाबांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत दवाखान्याच्या फेऱ्या मारत होती. ते गेले आणि मग तिलाही भंगारात द्यावं लागलं. त्या दिवशी मी कामाचं निमित्त करून बाहेरच राहिले.

आणखी एक. जुन्या डिझेल गाड्यांना किल्ली फिरवली की लगेच स्टार्टर मारायचा नसतो. समोर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो, इंजिन आतून गरम होतं, दिवा विझला की मग सुरू करायचं. थंडीत तो दिवा बराच रेंगाळायचा. तेवढ्यात बाबा विचारायचे, "काय विसरलं?" प्रत्येकाने सांगायचं. मी — पाण्याची बाटली. दादा — गृहपाठ. आई — गॅस. दिवा विझायच्या आत जे आठवेल ते उतरून आणायची मुभा, नंतर नाही. आमचं निम्मं घर त्या पिवळ्या दिव्याने सांभाळलं.

आईला म्हटलं, चल माझ्याबरोबर गाड्या बघायला. "मी कशाला?" म्हणाली. म्हटलं, झोपायला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बरं."

खरं सांगायचं तर गाडी कुठलीही चालेल. त्या सीटवर आईचा डोळा लागलेला मला बघायचाय.

१६ जानेवारी, गुरुवार

काजळीकाकांकडे गेले. बाबांचे मेकॅनिक. खरं नाव घरात कुणालाच माहीत नाही, हाताच्या रेषांत काजळी कायमची बसलेली म्हणून काजळीकाका. गॅरेज आता मुलगा बघतो, हे दारात खुर्ची टाकून बसतात आणि त्याच्या कामात खोड्या काढतात.

त्यांनी सांगितलेलं — सकाळी जायचं, न कळवता. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागला तर समजायचं, तुम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना त्रास देते. पहिला धूर बघायचा. गावातल्या गावात फिरलेली नको, डिझेलला लांबचा रस्ता मानवतो, नाहीतर तिच्या पोटात काजळी साठते. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडून तिथेच उलटं ठेवायचं. ते थुईथुई नाचलं, की नमस्कार करून निघायचं.

"आणि वहिनींना घेऊन जा," म्हणाले. पठ्ठ्याचा चेहरा अगदी गंभीर.

१९ जानेवारी, रविवार

पहिली गाडी. लाल. विकणारा औषधाच्या दुकानाचा मालक, दारातच हसतमुख उभा. मी बॉनेटवर हात ठेवला — गरम! "आत्ताच दूध आणायला गेलो होतो," म्हणाला. किल्ली फिरवली तर पिवळा दिवा लागला न लागला तोच विझला. काय विसरलं म्हणायलाही वेळ नाही.

तरी चक्कर मारली, आता आलोच आहोत तर. आई पुढे, ताठ, पर्स मांडीवर. म्हातारीच्या वेळची तीच पर्स. मी गाडी कमी आणि तिलाच जास्त बघत होते. मोकळा रस्ता आला. मी श्वास रोखला.

आई म्हणाली, "तुझ्या पडद्यांचे हूक निघालेत, मी परवाच बघितलं."

नाही घेतली.

२० जानेवारी, सोमवार

पडद्यांचे हूक लावले.

२२ जानेवारी, बुधवार

डेअरीचा काटा तपासला. मी वजनं ठेवतेय आणि डेअरीवाला श्वास रोखून बघतोय. काटा बरोबर निघाला तेव्हा त्याच्या खांद्यांतला ताण उतरला. माझी सही झाली की त्याचा निर्णय झाला, त्याला आणखी काही ठरवावं लागत नाही. मला हेवा वाटला त्याचा. दुसऱ्यांचा काटा तपासून देते आणि माझा स्वतःचा कुठे म्हणून थांबत नाही. बाबांवर गेलेय.

साहेबांनी विचारलं, "झालं का गाडीचं?" म्हटलं, होतंय.

२५ जानेवारी, शनिवार

राखाडी. हिची मालकीण दातांच्या कवळ्या करते — दवाखान्यांचे साचे घेऊन गावोगाव फिरते, तयार कवळ्या पोचवते. आता गुडघा साथ देत नाही म्हणून फिरणं बंद. गाडीत प्लास्टरचा वास, मागच्या सीटवर पांढरी पूड, पेडलचं रबर गुळगुळीत. दिसायला अगदी भिकार. पण बॉनेट गार. दिवा लागला आणि चांगला रेंगाळला. पहिला धूर आला, लगेच विरला. काजळीकाका बरोबर आले होते, त्यांनी झाकण उलटं ठेवलं — जागचं हललं नाही. ते खाली वाकले, उठले, कान दिला. "एक ठोका मधेच चुकतो. जुना इंजेक्टर आहे. बदलला तर जाईल, नाही बदलला तरी चालेल. घे."

सगळं नीट. आणि आई?

आई टक्क जागी! नुसती जागी नाही, मागे वळून त्या दातवाल्या बाईंशी अखंड गप्पा. कवळी बसवताना माणसाला हसायला का सांगतात, नवरा-बायकोच्या कवळ्यांची अदलाबदल झाली तेव्हा काय झालं — मोकळा रस्ता संपला तरी यांचं संपेना. उतरताना एकमेकींचे नंबर घेतले.

मी बाईंना म्हटलं, कळवते. काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, आता काय राहिलं?"

काय सांगणार? ठोका चुकत होता ना. म्हणूनच आईचा डोळा लागला नाही. बाबांचं शास्त्र.

२६ जानेवारी, रविवार

झोपली!

निळी गाडी, जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारातली. चकाचक, आतून अत्तराचा वास. आज काकांना नेलं नाही, उद्या दाखवू म्हटलं. विकणारा मागे बसून बोलतोय, बोलतोय, त्याने डोकं खाल्लं. मोकळ्या रस्त्याला लागलो आणि मी सहज बाजूला बघितलं — आईच्या पापण्या उतरत होत्या. हळूहळू. अगदी तशाच. मिटल्या. ताठ मान, पर्सवर दोन्ही हात. मला मागच्या सीटवरून कुणीतरी मान पुढे घातल्यासारखं वाटलं — मीच, नऊ-दहा वर्षांची.

"हळू बोला," मी त्या माणसाला म्हटलं. "झोपल्यात त्या."

विसार देऊन आले. दादाला फोन केला, तोही हळवा झाला. बॅटरीचं नाव काढलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

काजळीकाकांनी निळी बघितली. झाकण उलटं ठेवलं, इंजिन चालू केलं. झाकण नाचून खाली पडलं आणि गॅरेजच्या दारापर्यंत गडगडत गेलं. काकांनी इंजिन बंद केलं. झाकण उचलून पुसून परत लावलं.

"पण काका, आई झोपली होती."

"वहिनी झोपल्या असतील गं. इंजिन खलास आहे."

विसारावर पाणी सोडायचं. उरले तीन दिवस. घरी येऊन आडवी पडले आणि गाडी नव्हे, दुसरंच काही गेल्यासारखं रडले.

२९ जानेवारी, बुधवार

कामावरून सरळ आईकडे. सांगितलं, निळी खराब आहे. ती चहा गाळत होती, गाळतच राहिली. मी म्हटलं, तुला तर झोप लागली होती ना?

"नव्हती लागली."

"मी बघितली. डोळे मिटले होतेस."

"डोळे मिटले होते." कप माझ्यासमोर ठेवला. "तू नखं खायला लागली होतीस. हे मिशी चावायचे तशी. म्हटलं, दमली पोर, आता पुरे."

मला कळेना. मग कळलं, आणि मी विचारलं — आधीच्या वेळी? बाबांच्या वेळी?

"अगं, परक्या माणसाच्या गाडीत, दोन पोरं मागे, पर्समध्ये सगळे पैसे — झोप कशी लागेल मला?"

मग तिने एकेक सांगितलं, भाजी निवडावी तसं सहज. बाबा बघून बघून थकायचे. जेवणावरून त्यांचं लक्ष उडायचं. कुणीतरी थांबवायला हवं होतं, आणि बायकोने 'हीच घ्या' म्हटलेलं त्यांना चाललं नसतं. पहिल्यांदा पांढरीत खरंच उन्हाने डोळे मिटले, तर ते केवढे खूश झाले. मग तिने ती सवयच लावून घेतली.

"पण कुठली गाडी चांगली, हे तुला कसं कळायचं?"

"मला काय कळतंय! बेडकीच्या वेळी मला भूक लागली होती. म्हातारीच्या वेळी तू मागे ओकलीस."

"आणि तरी सगळ्या चांगल्या निघाल्या?"

"निघाल्या कुठल्या? दर रविवारी तुझे बाबा गाडीखाली. जेवायला हाक मारायची तर पायांना मारावी लागायची."

मी हसायला लागले. खूप. ते कधी रडणं झालं कळलं नाही. म्हणजे आमचं ते सगळं शास्त्र, त्या पापण्या, तो रोखलेला श्वास! आई शेजारी येऊन बसली. मी विचारलं, बाबांना माहीत होतं का गं?

ती म्हणाली, "मला काय माहीत? माझे डोळे मिटलेले असायचे ना."

जाता जाता सुचलं ते विचारलं — मग राखाडीत का नाही मिटलेस? ती तर चांगली होती.

"अगं, मी बोलत होते की त्या बाईंशी. किती दिवसांनी कुणी असं बोलायला भेटलं." मग कप उचलत म्हणाली, "ठेवलीय त्यांनी गाडी. मी शनिवारी रात्रीच फोन करून सांगितलं, लेक माझी येईल, तिला जरा वेळ लागतो."

३१ जानेवारी, शुक्रवार

राखाडी घेतली. दातवाल्या बाईंनी सीटखालची पूड झटकायला स्वतः ब्रश दिला आणि गाडी गल्लीबाहेर जाईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. काजळीकाका एवढंच म्हणाले, "रविवारी आण. खाली बघू."

साहेबांना किल्ली दाखवली. "बरं," म्हणाले. डिकीत वजनं ठेवली तेव्हा मागची बाजू बसली, पण चढ चढली. कुरकुरत, पण चढली.

सकाळी गार पडलेलं होतं. किल्ली फिरवली, वेटोळं पिवळं झालं. मी एकटीच. तरी विचारलं. मोठ्याने.

२ फेब्रुवारी, रविवार

आईच्या बिल्डिंगच्या गेटपाशी येऊन बराच वेळ झाला. वही स्टिअरिंगवर टेकवून लिहितेय, इंजिन चालूच आहे, म्हणून अक्षर असं हलतंय. ठोकाही मधूनच चुकतोय. काकांकडून निघालो तेव्हा आई कवळ्यांचं काहीतरी सांगत होती, पुलापाशी वाक्य अर्धं राहिलं. मान खिडकीला, तोंड उघडं, घोरतेय. पर्स केव्हाच मांडीवरून घसरली, खटका उघडला — किल्ल्या, चष्मा, खोकल्याच्या गोळ्या, सगळं पायांशी सांडलंय. तिला पत्ता नाही.

वॉचमन आला. काचेवर टकटक करून म्हणाला, "मॅडम, गाडी बंद करा ना, केव्हापासून धूर होतोय."

मी काच खाली केली. म्हटलं, हळू बोला. झोपल्यात त्या.